नैराश्याचा शेरा आणि मेंदूचा दाह

मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे. युनियनच्या कचेरीत बसून कामगारांचे आजारपणाचे अर्ज लिहिता लिहिता जे वाचन झाले, तीच माझी शाळा. एखादे तरणे माणूस आठपंधरा दिवसांत बदलते. झोपत नाही, रडते, कामावर चित्त नाही. मुकादम त्याला कामचुकार ठरवतो, घरचे म्हणतात बाहेरचे काही लागले, आणि दाखल्यावर ‘नैराश्य’ हा शेरा पडला की तपास तिथेच थांबतो.

हा घोटाळा जुना आहे. १८२२ साली पॅरिसमध्ये बेल या तरुण डॉक्टराने दाखवले की, वेड आणि पक्षाघात एकत्र येणाऱ्या एका आजारात मेंदूच्या आवरणांना सूज असते. त्याचे मूळ उपदंशाच्या जंतूत आहे, हे नोगुची आणि मूर यांनी रोग्यांच्या मेंदूतच जंतू दाखवून सिद्ध केले ते १९१३ साली. मध्ये एक्याण्णव वर्षे गेली! तोवर किती जण वेड्यांच्या इस्पितळात खितपत मेले असतील?

पण जंतूच नसेल तर? १९६० साली इंग्लंडात ब्रायर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या भावना व स्मृती सांभाळणाऱ्या भागाला सूज आलेले काही रोगी नोंदले. १९६८ साली कॉर्सेलिस यांनी अशा सुजेचा संबंध शरीरात दुसरीकडे असलेल्या कर्करोगाशी जोडला. खरा उलगडा व्हायला मात्र २००७ साल उजाडले. फिलाडेल्फियात डॉ. जोसेप डालमाऊ यांच्यापुढे बारा स्त्रियांची प्रकरणे होती. आधी मन बिघडले, मग झटके आले, शुद्ध हरपली, श्वासही मंदावला. त्यांतील अकरा जणींच्या बीजकोशात आणि एकीच्या छातीत टेराटोमाची गाठ निघाली. अशा गाठीत केस, दात, कधी मज्जापेशीही असतात. शरीराचे पहारेकरी त्या गाठीवर चालून जातात आणि घरच्याच मेंदूला शत्रू समजतात. त्यांची प्रतिपिंडे मज्जापेशींवरील ‘एनएमडीए’ नावाच्या, निरोप घेणाऱ्या जागांना चिकटतात आणि त्या जागा कमी होत जातात. पुढे कळले की गाठ नसतानाही हे होते. पुरुषांना होते, मुलांनाही.

२००८ साली डालमाऊ यांनी शंभर रोग्यांचा अहवाल दिला. त्यांतील सत्याहत्तर जणांना प्रथम मनोविकारतज्ज्ञांनी पाहिले होते. यात त्या डॉक्टरांचा दोष मी काढत नाही; लक्षणेच तशी होती.

न्यूयॉर्कच्या सुझाना कॅहलन या चोवीस वर्षांच्या वार्ताहर मुलीची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. २००९ साली डॉ. सुहेल नज्जर यांनी तिला घड्याळ काढायला सांगितले. तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबले. तेवढ्यावरून मेंदूच्या उजव्या बाजूचा दाह ध्यानात आला!

आता कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेक नैराश्य हे या रोगाचे नसते. पण मन एकाएकी बिघडले आणि पाठोपाठ झटके, बोबडी, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा विस्मरण आले, तर मणक्यातील पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरावा. गाठ असल्यास ती काढतात, स्टेरॉइड देतात, रक्तातील प्रतिपिंडे गाळतात. त्या शंभरांपैकी पंचाहत्तर जण पूर्ण किंवा बहुतांशी बरे झाले. २०१३ साली ५७७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत उपचार लवकर मिळालेले अधिक सुधारले.