गिरणगाव
मध्य मुंबईतील परळ, लालबाग, वरळी, भायखळा या परिसराचे रूढ नाव. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या चाळी, खाणावळी आणि व्यायामशाळा यांनी तो घडवला. १९८२ च्या कापडगिरणी कामगारांच्या संपाने गिरणगाव मोडले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. संपात रोजगार गेला, वस्ती मात्र जमिनीच्या नियमांनी विरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार पुनर्विकासात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : मोकळी मैदाने, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

चाळी जीर्ण होत्या, एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत, तेव्हा बदल अटळच होता, हा आक्षेप खोटा नाही. भाडी गोठवणाऱ्या १९४७ च्या कायद्यामुळे घरमालकांना दुरुस्तीत रस उरला नव्हता, हेही मान्य. पण जीर्णतेने सिद्ध होते ती पुनर्बांधणीची गरज. मॉल व कचेऱ्यांना मिळालेला अग्रक्रम नव्हे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे.