वासरू, डुक्कर, कोंबडी आणि उंट

पनीर करणं सोपं. दूध तापवा, लिंबू पिळा, फाटलं की फडक्यात बांधा. चेडार किंवा पार्मेझानचं तसं नाही. त्यांना रेनेट लागतं. आणि हे रेनेट शतकानुशतकं आलं ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून. म्हणजे वासरू मारणं आलंच. चीजच्या इतिहासातलं हे पान आपण शाकाहारी मंडळी सहसा उलटून बघत नाही.

वासराच्या पोटात हे असतं तरी कशाला? दूध पातळच राहिलं तर पोटातून झरकन पुढे जाईल. साकळलं की सावकाश पचतं. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे कायमोसिन. दुधातलं केसीन बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. कणांवर कप्पा-केसीनचे केसांसारखे तंतू असतात, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. कायमोसिन हे तंतू नेमक्या एकाच जागी कापतं: १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या मधे. झालं! कण चिकटतात आणि दूध खरवसासारखं घट्ट होतं.

पूर्वी वाळवलेल्या जठराचे तुकडे भिजत घालायचे. कुठला तुकडा किती जोरदार, ते नशीब. १८७४ साली कोपनहेगनमध्ये क्रिस्टियान हॅन्सन या फार्मासिस्टने ठरावीक ताकदीचं रेनेट विकायला काढलं आणि चीजचा कारखाना शक्य झाला.

पुढे १९६०च्या दशकात पंचाईत झाली. चीजचा खप वाढत होता आणि कापली जाणारी वासरं कमी होत होती. मग पर्याय शोधणं सुरू झालं. डुकराचं पेप्सिन बघितलं, पण त्याला आंबटपणा लागतो. ताज्या दुधाच्या ६.६-६.७ पीएचला ते ढेपाळतं. इस्रायलमध्ये कोंबडीचं पेप्सिन वापरलं गेलं. ते दूध साकळवतं खरं, पण नेमकी गाठ सोडून दिसेल तिथे कात्री चालवतं. परिणाम काय? प्रथिनांचे तुकडे निवळीबरोबर वाहून जातात, चीज कमी निघतं आणि मुरता मुरता कडू होतं. म्हणजे दूध साकळवणं हे अर्धंच काम, बाकी कशाला हात न लावणं हे खरं कौशल्य. (प्रॉडक्शनमध्ये एकच ओळ बदलायची असते तेव्हा आपल्याला हे पटतं!)

कधी कधी ‘जास्तीचं’ काम हवंही असतं. पेकोरिनो रोमानोला कोकराच्या जठराची पेस्ट वापरतात. तिच्यातलं लायपेज फॅट तोडतं आणि त्या चीजचा झणका तिथूनच येतो.

खरी क्रांती १९९०ची. वासराच्या कायमोसिनचा जीन ई. कोलाय जिवाणूत घालून फायझरने बनवलेल्या एन्झाइमला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. जनुकीय बदल करून बनवलेला, अन्नात वापरायला तिथे मंजूर झालेला हा पहिलाच घटक. सोर्स कोड वासराचा, पण प्रत्येक बॅचला नवं वासरू नको.

आणि गंमत म्हणजे वासरूसुद्धा गायीच्या दुधासाठी सर्वोत्तम ठरलं नाही! २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंटाच्या कायमोसिनने गायीचं दूध सुमारे ७० टक्के जास्त जोमाने साकळवलं, आणि बाकीची कापाकापी वासराच्या तुलनेत पाव भागाच्या आसपास. उलट वासराच्या रेनेटला उंटाचं दूध नीट साकळवता येत नाही. निसर्गाचा हिशोब आपल्याला काय कळणार!

मग हे चीज शाकाहारी का? माझ्या मते हो. जिच्यासाठी जीव जात नाही ती माहिती आहे, मांस नव्हे. कुणाला जीनचं मूळही खटकू शकतं, आणि तो मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये वासराचं रेनेट चालत नाही. पण अस्सल पार्मिजानो रेज्जानोच्या नियमात आजही वासराचंच रेनेट लागतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘व्हेज पास्ता’वर ते भुरभुरलेलं दिसलं तर खायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त माहीत असून ठरवा.