चौथं तिकीट

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पुढच्या शनिवारी मोकळा आहेस ना? अभंग रिपोस्टचा कार्यक्रम आहे. चार तिकिटं काढतोय." तो, मी, त्याची मामी. चौथं कोणाचं? तर म्हणे, "आजोबांचं."

आजोबा म्हणजे माझे काका. वय ७८, मुक्काम नर्सीजवळचं आमचं गाव, जिल्हा हिंगोली. सध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आमच्याकडे आहेत. साठ वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. त्यांना इलेक्ट्रिक गिटारवर अभंग ऐकवायचा? मी दोन दिवस घरात विषयच काढला नाही.

(हिंगोली म्हटलं की पुण्यात अजूनही 'कुठे आलं हे?' असं विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. आमच्याकडची हळद तुमच्या फोडणीत असते बरं का.)

कयाधूच्या काठावरचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, साल १२७०. आणि औंढा नागनाथची गोष्ट तर आम्हाला भाकरीसोबत भरवलेली. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी हटकलं, मागे जा म्हणाले. ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी म्हणून तिथे मागच्या बाजूला आहे, असं सांगतात. ही गोष्ट काकांच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल. पण परवा पहिल्यांदाच जाणवलं की ही मुळात कार्यक्रमाला जागा न मिळण्याची गोष्ट आहे!

मुंबईतल्या रॉकवाल्यांचंही तेच झालं. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव बरीच वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात भरायचा. आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातली गाणी थांबली. तिथे काही देऊळ फिरलं नाही. महोत्सव इकडेतिकडे हिंडला, मध्ये बंद पडला, २०२२ मध्ये पुन्हा भरला.

त्या काळातलं मोठं नाव म्हणजे रॉक मशीन, १९८४ सालचा बँड. तेव्हा आपल्याकडच्या बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवली की लोक खूश असत. या पोरांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये बँडचं नावही बदललं, इंडस क्रीड. १९९७ ला थांबले आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर त्यांची कॅसेट आम्ही झिजवली होती. पण खरं सांगू? निम्मे शब्द कळत नसत. ठेका तेवढा पाय हलवायचा.

अभंग रिपोस्ट त्यानंतर वीसेक वर्षांनी, २०१६ च्या सुमारास मुंबईत जमला. गिटार, बेस, ड्रम्स आणि शब्द संतांचे. नाव मला आधी थिल्लर वाटलं होतं. आता वाटतं, याहून नेमकं नाव सापडलं नसतं. दुसऱ्याने लिहिलेलं आपण पुढे पाठवायचं, हेच तर भजनी मंडळं करत आली. नामदेव स्वतः पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तिथे ती गाताना मृदंग आणि वीणाच पाहिजे असं कोणी म्हटलं असेल का?

आणि पेटी! काकांची पेटी तरी कुठे आपली? मूळची युरोपातली, एकोणिसाव्या शतकात इकडे आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. म्हणजे काका पेटी शिकले तेव्हा रेडिओवर तिला बंदी होती. हा मुद्दा मी मनात घोळवून ठेवला होता, वाद झालाच तर उपयोगी पडेल म्हणून.

वाद झालाच नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर भाच्यानेच मोबाइल काढला आणि काकांना एक गाणं लावून दिलं. ते हिरवा चष्मा लावून, मान खाली घालून ऐकत बसले. मी पोटात गोळा घेऊन बघतोय. अर्ध्यावर त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. गाणं संपल्यावर म्हणाले, "शब्द कळू देतेत. ते महत्त्वाचं. चाल जरा पळती."

मग भाच्याला म्हणाले, "ते मोठं ढोलकं पायानं वाजवतेत व्हय? डाव्या अंगाला कणीक लावत नसतील मग."

इथे मला उठून पाणी प्यायला जावं लागलं. कारण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, हे त्यांनी मला सातवीत शिकवलं होतं. दहावीपर्यंत मंडळात पखवाज मी वाजवायचो. पुढे कॉलेजसाठी बाहेर पडलो आणि 'सुट्टीत येतो, तेव्हा वाजवतो' म्हणालो. दोन सुट्ट्या वाजवला. माझ्यानंतर बसला तो मुलगाही कामासाठी शहरात गेला. गेली काही वर्षं आमच्या गावी एकादशीचं भजन पेटी आणि टाळांवर होतं. पखवाज खुंटीला आहे, शाई उडालीय. काका याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

भाचा ड्रम्स शिकतोय हे त्यांना माहीत नव्हतं. काल कळलं. त्यांनी त्याचे हात उलटेपालटे करून बघितले, बोटं दाबली. "दिवाळीत ये गावाकडं," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "काका, शनिवारी याल ना? पण तिथं बसायला खुर्च्या नसतात. दोन-अडीच तास उभंच राहावं लागेल."

"टाळकरी काय बसून असतेत का?" म्हणाले. मग जरा वेळाने, "माझे टाळ आणले असते तर बरं झालं असतं."

भाऊ उद्या गावाहून निघतोय. त्याला फोन केलाय. देवघराच्या कोनाड्यात आहेत, लाल फडक्यात.