सार्वजनिक अर्थशास्त्र (पदव्युत्तर अभ्यास)

शासनाचे कर, खर्च व कर्ज आणि बाजार अपुरा पडतो तेथील शासकीय हस्तक्षेप यांचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा. पदव्युत्तर स्तरावर सार्वजनिक वस्तू, करभार, बाह्यपरिणाम आणि वित्तीय संघराज्य हे तिचे मुख्य विषय होत. बाह्यपरिणाम, म्हणजे व्यवहाराबाहेरच्यांवर पडणारा पण किमतीत न उतरणारा परिणाम, नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे ढळढळीत दिसतो: महानिर्मितीच्या १,३४० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्राची वीज दूरवर जाते, न वापरलेली राख मात्र वारेगावच्या राख तलावात साचते. तिची झळ सोसणाऱ्यांचे नुकसान वीजदरात पुरते उतरत नाही. अशा प्रसंगी कर लावावा, हा ए. सी. पिगू यांचा विचार (१९२०). वित्तीय संघराज्याच्या, म्हणजे शासनाच्या विविध स्तरांतील वित्तीय अधिकारांच्या वाटणीच्या, अभ्यासकाला बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ (१९२५) टाळता येत नाही. कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधावर आधारलेल्या या ग्रंथाला एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे.