पाटीलकी, कुळकर्ण आणि माझ्या पणजोबांची नोकरी

आजचा भाग मी गावाहून रेकॉर्ड करतोय, म्हणजे मांडवगण फराट्याहून, तालुका शिरूर. मागे मधेच उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

तर झालं असं. बहिणीच्या शिक्षणासाठी थोडी जमीन विकावी का, असा विषय घरात निघाला. वडील म्हणाले, "फोनवर सातबारा काढ बरं." काढला. नाव बरोबर, गट नंबर बरोबर. पण भूधारणेपुढे लिहिलेलं 'भोगवटादार वर्ग 2' आणि खाली 'इनाम वर्ग 6 ब'. म्हटलं, अण्णा, हे काय? तर ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या पणजोबांची नोकरी आहे ती."

माझ्या पणजोबांकडे वतन होतं. पाटलाचं नाही. महाराचं. आमच्या त्या तुकड्याला घरात अजून 'हाडकी' म्हणतात. मला वाटायचं, शेताला असंच काहीतरी नाव पडलं असेल. पण हाडकी-हाडवळा म्हणजे महारांना गावकामाबद्दल मिळालेली वतनी जमीन. पगाराऐवजी दिलेली.

म्हणून आजचा विषय हा: आपल्याकडे गाव चालवणारी पदं कुठून आली, आणि ती कुणाची होती?

आधी जरा लांब जाऊ. इंग्लंडमध्ये यॉर्क नावाचं जुनं शहर आहे, मधोमध भलंमोठं कॅथेड्रल. तिथला लॉर्ड मेयर दरवर्षी बदलतो. गळ्यात सोन्याची साखळी, पुढे राजदंड, थाट सगळा, पण वर्ष संपलं की साखळी काढून पुढच्याच्या गळ्यात. लंडनच्या लोकांना तर 1215 मध्येच राजाकडून सनद मिळाली होती की दरवर्षी तुम्ही तुमचा मेयर निवडा. अर्थात 'लोक' म्हणजे सगळे लोक नव्हेत. गावगाड्यात जसे वतनदार, तसे तिथे 'फ्रीमन'. पण पद आणि माणूस वेगळे, हे तिथे लवकर ठरलं.

आपल्याकडे नेमकं उलटं. पद म्हणजेच वतन, आणि वतन म्हणजे मालमत्ता. घर, विहीर, आमराई, तशी पाटीलकी. ती मुलांना मिळायची, भावाभावांत वाटली जायची, अडचण आली की अर्धी विकलीही जायची. 'निमे पाटीलकी' हा शब्द जुन्या कागदांत सर्रास सापडतो. कल्पना करा, उद्या कुणी म्हणालं, माझं अर्धं सरपंचपद विकायचंय!

आता आमच्या गावाचं नाव बघा. मांडवगण नावाचं एक गाव तिकडे श्रीगोंद्यातही आहे. आमचं 'फराटा'वालं. आणि गावात फराटे आडनावाची घरं किती, ते इथल्या कुठल्याही लग्नपत्रिकेवर मोजा. आडनाव आणि गाव एकमेकांना असे चिकटलेले तुम्हाला महाराष्ट्रभर दिसतील. घराण्याचं मोठेपणच गावाच्या नावावरून मोजायचे. शिवाजी महाराजांच्या भोसले घराण्याकडेसुद्धा पाटीलक्या होत्या: तिकडे वेरूळची, आणि इकडे भीमेच्याच काठाला, दौंड तालुक्यातल्या हिंगणी बेर्डीची. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक झाले, 1792 मध्ये पुण्यात त्याचा मोठा समारंभ झाला, तरी स्वतःला म्हणवून घ्यायचे पाटीलच. लोक त्यांना पाटीलबावा म्हणत. गाडीच्या मागच्या काचेवर 'पाटील' लिहिण्याची हौस आजची नाही मंडळी.

पाटील वसुली करायचा, भांडणं मिटवायचा, गावाच्या वतीने सरकारपुढे उभा राहायचा. बदल्यात इनाम जमीन आणि मान. पोळ्याला त्याचा बैल पुढे, होळीला पहिली पोळी त्याची. या मानावरून जेवढे तंटे झालेत तेवढे जमिनीवरून झाले असतील का, मला शंका आहे. सही म्हणून कागदावर नांगराची निशाणी. लिहायचं काम कुलकर्ण्याचं. हिशेब त्याच्या दप्तरात, त्यामुळे पाटील बोलायला मोठा असला तरी कुलकर्ण्याशिवाय त्याचं पान हलत नसे.

मग एवढी वंशपरंपरागत सत्ता, आणि पाटील माजला तर? याचं उत्तर 1646 च्या एका पत्रात आहे. रांझे गाव, आज भोर तालुक्यात. तिथल्या बाबाजी गुजर पाटलाने एका बाईशी बदअंमल केला. शिवाजी महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते. त्यांनी त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी काढून घेतली. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण पत्रातली पुढची ओळ कुणी सांगत नाही. काढून घेतलेली पाटीलकी गेली कुणाकडे? गुजरांच्याच घराण्यातल्या सोनजीकडे! माणूस गेला तरी वतन घरातच राहिलं. शिक्षा देणारा एवढा कडक, तरी वतनाची ही चौकट त्याच्या काळातही तशीच होती.

आता आमच्या बाजूने बघू. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 1915 चं 'गांवगाडा' पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. त्यात कळतं की महाराशिवाय या गाड्याचं चाक फिरतच नव्हतं. वेशीवर पहारा, सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा तालुक्याला पोचवणं, आलेल्या अंमलदाराची बडदास्त, कुणी वारलं तर परगावी सांगावा. दोन गावांत शिवेचा वाद लागला की महाराची साक्ष महत्त्वाची, कारण शीव त्याच्या पायाखालची. तो निकालात एवढा महत्त्वाचा, आणि चावडीत मात्र पायरीच्या खाली उभा.

आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांना रात्री कधीही हाक यायची. "जेवायला बसलेला माणूस उठून जायचा," एवढंच ती म्हणायची. दिवस, वेळ, काही ठरलेलं नाही. बदल्यात हाडकीचा तुकडा, सुगीला बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकरी.

पाटलाचं वतन हा मान होता. आमचं वतन हा फास होता, पण त्याला जमीन बांधलेली होती, त्यामुळे सोडवतही नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गाठ अचूक ओळखली. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला त्यांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. पास झालं नाही. 1939 मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार वतनदारांची परिषद भरली, तिथेही ते याच प्रश्नावर बोलले. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्येच महार वतन बंद केलं होतं, आणि कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठीही नेमले होते. आमच्या इकडे मात्र वाट बघावी लागली.

मग स्वातंत्र्यानंतर एकेक खुंटी उपटली गेली. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली. महार आणि इतर गावकामगारांची 1958 च्या कायद्याने. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात आमच्या वतनाला चक्क 'इन्फिरिअर' म्हटलंय. सर्वांत शेवटी, 1 जानेवारी 1963 ला, मुलकी पाटील. आज जो पोलीस पाटील दिसतो तो 1967 च्या कायद्याचा: अर्ज करायचा, दहावी पास पाहिजे, वयाची अट. तोवर ग्रामपंचायती आल्याच होत्या. कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, भिंतीवर सरपंचांच्या नावांचा बोर्ड असतो, कधीपासून कधीपर्यंत. यॉर्कसारखाच. सुरुवातीच्या रांगेत बहुतेक ठिकाणी जुनी वतनदार आडनावंच दिसतात. मग आरक्षण आलं, 2011 पासून महिलांना निम्म्या जागा, आणि बोर्डाचा खालचा भाग बदलायला लागला.

आमची हाडकी? 1958 नंतर ठरलेली रक्कम भरून ती आजोबांच्या नावावर परत झाली, पण अट घालून. विकायची तर सरकारची परवानगी, वर नजराणा. म्हणून वर्ग 2. नोकरी गेली त्याला साठ वर्षं उलटली, आणि सातबाऱ्यावर ती अजून हजर आहे.

बहिणीने परवा तोच सातबारा स्वतःच्या फोनवर काढला आणि वडिलांना विचारलं, पणजोबांचं पूर्ण नाव काय होतं? वडिलांना आठवत होतं. ते तिने फेरफाराच्या जुन्या नोंदीशी जुळवून बघितलं. विकायचं अजून ठरलेलं नाही.

तुमच्या शेताला घरात काय म्हणतात? पाटीलमळा, जोशीपट्टी, हाडकी, काहीही असेल. एकदा विचारून बघा. पुढच्या भागात चावडीत बसू, शिवेच्या भांडणाचा निकाल कसा लागायचा ते ऐकायला. येतो.