कारागीर गावात, काम परगावात
डहाणू-तलासरीतील गृहदुरुस्तीचा ग्राहक कसा मिळवावा?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील बांधकाम कारागिरांची पावले वर्षानुवर्षे वसई-विरार, बोईसर, उंबरगाव आणि वापीकडे वळत आली आहेत. यामागे एक जुने कारण आहे. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि येथील उद्योगांच्या वाढीवर कडक मर्यादा आल्या. कारखाने आले नाहीत, त्यामुळे त्यांच्या पाठोपाठ येणारी बांधकामेही आली नाहीत. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार डहाणूत सुमारे चार लाख आणि तलासरीत सुमारे दीड लाख लोक राहतात. त्यांची घरे गळतात, भिंतींना पोपडे येतात, दारे फुगतात, नळ ठिबकतात. दुरुस्तीचे काम आहे आणि ते करणारे हातही आहेत. अडचण आहे ती दोघांची वेळेवर गाठ पडण्याची. ती पडली नाही, तर कारागीर परगावच्या नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहतो आणि गावातील घरमालक मिळेल त्या माणसाकडून काम उरकून घेतो.

ग्राहक कोण आणि कुठे?

या दोन तालुक्यांत घरदुरुस्तीचा ग्राहक एकाच प्रकारचा नाही. डहाणू शहर, घोलवड आणि बोर्डी या किनारपट्टीत इराणी-पारशी वाड्यांतील जुने बंगले आहेत, पर्यटकांसाठीची निवासस्थाने आहेत आणि मुंबईकरांची सुट्टीतील घरेही आहेत. खाऱ्या हवेने येथील लोखंडी जाळ्या, स्लॅबमधील सळया आणि बिजागऱ्या लवकर गंजतात. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्याने मुंबईतील मालकाला कामावर देखरेख करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तलासरीत महामार्गालगतची हॉटेले, ढाबे आणि दुकाने यांची देखभाल बारमाही असते. शिवाय शेजारच्या गुजरातमधील औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारी, पण इकडे राहणारी कुटुंबे आहेत. आतील गावपाड्यांत घरकुलांची कामे आणि जुन्या कौलारू घरांची डागडुजी हा मोठा भाग आहे. आपण यांपैकी नेमक्या कोणत्या ग्राहकाचे काम करणार, हे कारागिराने आधी ठरवले तर पुढचे कष्ट वाया जात नाहीत.

ऋतूचे वेळापत्रक

छप्पर शाकारणे, गच्चीची गळती थांबवणे आणि पन्हळी बदलणे ही कामे एप्रिल-मेमध्ये निघतात. रंगकाम गणेशोत्सव, दिवाळी आणि लग्नसराई यांच्या आधी निघते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पावसाळ्यापूर्वी घट्ट न केलेल्या पत्र्यांची किंमत पालघर जिल्ह्यातील अनेक घरांना मोजावी लागली. काम निघण्याच्या महिनाभर आधी जो कारागीर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर येतो, त्यालाच ते काम मिळते.

त्यासाठी स्थानिक ठिकाणे तयारच आहेत. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस चालते आणि पंचक्रोशीतील कुटुंबे तेथे येतात. छपराच्या कामांची आगाऊ नोंद घेण्यास याहून योग्य काळ नाही. आठवडे बाजारातही पत्रके वाटण्यापेक्षा केलेल्या कामाची छायाचित्रे आणि गळती थांबवण्याच्या साहित्याचा एखादा नमुना दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. सीमाभागात फलक मराठीसोबत गुजरातीतही असला तर उपयोग होतो.

ग्रामपंचायतीतील यादी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपयांचे केंद्रीय निकषाचे साहाय्य हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात हे साहाय्य २ लाख रुपये आहे. पालघर जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे त्यात येतात. या योजनेतील घर ठेकेदारामार्फत बांधू नये, लाभार्थ्याने ते स्वतः बांधून घ्यावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे गवंड्याची निवड कुटुंबच करते. मंजूर लाभार्थ्यांची यादी गुप्त नसते. ती ग्रामसभेपुढे येते आणि ग्रामपंचायतीत पाहता येते. ग्रामसभेला हजर राहणाऱ्या गवंड्याला त्यामुळे वर्षभराच्या कामाचा अंदाज मिळतो.

या ग्राहकाकडे पैसा मर्यादित असतो आणि पुढचा हप्ता आधीचा टप्पा पूर्ण झाल्याची छायाचित्रे नोंदवल्यावरच मिळतो. जोते, छत आणि पूर्णत्व या टप्प्यांशी मजुरीचे हप्ते जुळवून घेणारा गवंडी लाभार्थ्याला परवडतो. एका पाड्यातील चार-पाच घरकुलांची रेती, विटा आणि सिमेंट एकत्र मागवल्यास वाहतुकीचा खर्चही वाचतो. असे एक काम नीट झाले की पुढची घरे विचारत येतात.

भेगांचे काम : विश्वासाची कसोटी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराला भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका जाणवू लागली. धुंदलवाडी आणि आसपासची गावे तिच्या केंद्रस्थानी होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले, लोक रात्री घराबाहेर झोपू लागले आणि प्रशासनाला तंबू पुरवावे लागले. तेव्हापासून भिंतीतील भेग हा येथील घरमालकाच्या मनातील पहिला प्रश्न आहे.

येथेच कारागिराची खरी परीक्षा होते. भेगेवर सिमेंटचा गिलावा ओढून रंग दिला की पैसे मिळतात, पण पुढच्या धक्क्यात भेग पुन्हा उघडते आणि त्या वस्तीत पुढचे काम मिळत नाही. प्रश्न केवळ व्यवसायाचाही नाही, त्या भिंतीखाली माणसे झोपतात. प्रथम भेग केवळ गिलाव्याची आहे की भिंतीच्या आरपार गेली आहे, हे पाहावे. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे, हे ग्राहकालाही दिसते. खांब, तुळई किंवा कोपऱ्याच्या सांध्यात भेग असेल, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय हात लावू नये. नव्या बांधकामात जोते, दारे-खिडक्यांची वरची पातळी आणि छप्पर या तीन ठिकाणी भिंतींना सलग बांधणारे सळयांचे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया असाव्यात. दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. जो कारागीर ‘हे काम माझ्या आवाक्यातले नाही’ असे वेळीच सांगतो, त्याला उरलेली दहा कामे लोक निर्धास्तपणे देतात.

शिफारशीचे जाळे

नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा हार्डवेअर, रंग किंवा फरशीच्या दुकानात विचारला जातो : ‘चांगला माणूस आहे का कोणी?’ या दुकानांशी उधारी वेळेवर फेडण्याचा व्यवहार असेल, तर नाव आपोआप पुढे येते. रंग आणि सिमेंट कंपन्या कारागिरांचे मेळावे घेतात. तेथे नवे साहित्य वापरण्याची माहिती मिळते आणि ओळखीही होतात. मात्र कमिशनसाठी महागडा माल ग्राहकाच्या गळ्यात मारला, तर ते आज ना उद्या उघडकीस येते.

दुसरे जाळे कारागिरांचे आपसातील. प्लंबरला ओली भिंत आधी दिसते, रंगाऱ्याला वाळवी लागलेली चौकट दिसते, सुताराला लोंबती वायर दिसते. वीज जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, त्यामुळे तशा एका ठेकेदाराशी संबंध असणे आवश्यकच आहे. गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी आणि वायरमन अशा पाच जणांनी एकमेकांची नावे सुचवायचे ठरवले, तर प्रत्येकाचा ग्राहक इतर चौघांचाही होऊ शकतो.

लेखी अंदाजपत्रक

परगावी राहणाऱ्या मालकाला सर्वाधिक भीती असते ती खर्च वाढत जाण्याची. काम मजुरीवर की मालासहित, मोजमाप चौरस फुटांत की ब्रासमध्ये, कोणत्या दर्जाचे साहित्य, किती दिवस, आगाऊ रक्कम किती, राडारोडा कोण उचलणार आणि गळती पुन्हा झाल्यास काय, एवढ्या गोष्टी एका कागदावर असाव्यात. समुद्रालगतच्या घरात वाढीव बांधकाम करायचे असेल तर नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी कोण घेणार, हेही त्यात लिहावे. काम सुरू असताना रोज संध्याकाळी छायाचित्र पाठवणाऱ्या कारागिराला मुंबईचा मालक पुढच्या वर्षीही बोलावतो.

ओळखपत्र आणि मोबाइल

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, गवंडी आणि लोहार यांचा समावेश आहे. नोंदणीनंतर प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचे कर्ज अशी तरतूद आहे. प्लंबर, रंगारी आणि वायरमन या यादीत नाहीत. व्यवसायाची विनामूल्य उद्यम नोंदणी मात्र त्यांनाही करता येते. अनोळखी माणसाला घरात घेताना ग्राहक ओळखपत्र पाहतो, हे विसरता येत नाही.

गुगल मॅप्सवर व्यवसायाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. ‘डहाणूतील प्लंबर’ असा शोध घेणाऱ्याला नाव, क्रमांक आणि पूर्वीच्या ग्राहकांचे अभिप्राय दिसतात. व्हॉट्सअॅप बिझनेसवर कामांची छायाचित्रे दरांसह मांडता येतात. फोन उचलला जात नसेल, तर यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

भिंतीवरची वारली

या भागाकडे आणखी एक कसब आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे मुळात घराचाच अलंकार होती. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज हॉटेले, शाळा आणि शहरी घरांच्या भिंतींना वारली चित्रे हवी असतात. रंगाऱ्याने मूळ चित्रकाराला कामात सहभागी करून त्याचे नाव आणि मोबदला वेगळा दाखवला, तर दोघांनाही असा ग्राहक मिळतो, जो इतरत्र सहज मिळणार नाही.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे, तर मोठ्या कामांच्या अपेक्षाही वाढल्या आहेत. पण त्या अपेक्षेवर चूल पेटत नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामानंतर ग्राहकाचे नाव, कामाची तारीख आणि वापरलेल्या रंगाचा क्रमांक एका वहीत नोंदवावा आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर एकदा फोन करून भिंत कोरडी आहे का, ते विचारावे. पुढचे काम अनेकदा त्याच फोनवर ठरते.