सोव्हिएत संघातील फुटबॉल व सामाजिक वर्ग

सोव्हिएत संघातील फुटबॉल हा राज्यसंस्थेच्या आश्रयाने वाढलेला अत्यंत लोकप्रिय खेळ होता. आरोग्य, शिस्त व श्रमक्षमता वाढवण्याचे साधन म्हणून शासनाने त्याला उत्तेजन दिले. मात्र क्लब निरनिराळ्या सरकारी खात्यांशी व कामगार संघटनांशी जोडलेले असल्याने, शोषक वर्ग नाहीसे झाल्याचा दावा करणाऱ्या या समाजात आवडता संघ निवडणे ही सामाजिक ओळखीची खूण ठरली.

पार्श्वभूमी

रशियात फुटबॉल १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ब्रिटिश रहिवाशांमुळे रुजला. मॉस्कोजवळील ओरेखोवो-झुयेवो येथील मोरोझोव्ह कापड गिरणीचा संघ विशेष प्रसिद्ध होता. शहरी क्लबांची वर्गणी बहुतेक कामगारांना परवडत नसे; ते मोकळ्या जागांवर अनधिकृत संघ बनवून खेळत. १९१७ च्या क्रांतीनंतर क्लबांची पुनर्रचना झाली. १९२० च्या दशकात चुरशीचे सामने हे भांडवलशाहीचे अवशेष आहेत, असे मानणारा एक गट प्रभावी होता. १९३० च्या दशकात हा विचार मागे पडला.

क्लब व आश्रयदात्या संस्था

प्रमुख क्लबांचे आश्रयदाते पुढीलप्रमाणे होते:

• डायनॅमो (स्थापना १९२३) – गुप्त पोलीस व अंतर्गत सुरक्षा यंत्रणा
• सीडीकेए – लाल सैन्य
• लोकोमोटिव – रेल्वे
• तोर्पेदो – मॉस्कोतील मोटार कारखाना
• स्पार्टाक (स्थापना १९३५) – उत्पादक सहकारी संस्था

१९३६ मध्ये क्लबांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. खेळाडू कागदोपत्री हौशी होते. प्रत्यक्षात आश्रयदात्या संस्थेच्या वेतनपटावर राहून ते पूर्णवेळ फुटबॉल खेळत.

प्रेक्षक व वर्ग

स्पार्टाकची मुळे मॉस्कोच्या क्रास्नाया प्रेस्न्या या कामगार वस्तीत होती. क्लबला नाव मिळाले ते प्राचीन रोममधील गुलामांच्या उठावाचा नेता स्पार्टाकस याच्यावरून. पोलीस व सैन्याच्या संघांच्या तुलनेत तो ‘जनतेचा संघ’ मानला गेला. इतिहासकार रॉबर्ट एडलमन यांच्या मते, स्पार्टाकला पाठिंबा देणे हा सामान्य माणसासाठी सत्तेला नकार देण्याचा एक छोटासा मार्ग होता. तथापि, स्पार्टाकलाही कोम्सोमोल या युवक संघटनेच्या नेतृत्वाचे पाठबळ होते; त्यामुळे त्याला शासनबाह्य क्लब म्हणता येत नाही.

राजकीय हस्तक्षेप

१९३९ च्या सोव्हिएत चषकाच्या उपांत्य सामन्यात स्पार्टाकने डायनॅमो तिबिलिसीला हरवले व पुढे अंतिम सामनाही जिंकला. त्यानंतर उपांत्य सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश निघाला. तोही स्पार्टाकने ३–२ असा जिंकला. सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख लाव्हरेंती बेरिया हा डायनॅमोचा पाठीराखा होता. १९४२ मध्ये स्पार्टाकचे संस्थापक निकोलाय स्तारोस्तिन व त्यांच्या तीन भावांना अटक होऊन प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर या शिक्षा रद्द करण्यात आल्या.

आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा

१९४५ मध्ये डायनॅमो मॉस्कोने ब्रिटनच्या दौऱ्यात चार सामन्यांपैकी एकही गमावला नाही. या यशाचा प्रचारासाठी मोठा उपयोग झाला. याउलट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये राजकीय प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हियाकडून पराभव झाल्यावर, राष्ट्रीय संघाचा गाभा मानला गेलेला सैन्याचा क्लबच बरखास्त करण्यात आला. पुढे सोव्हिएत संघाने १९५६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक व १९६० ची पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.